तडीपार : ऐकण्याआधीच हद्दपार?

आपल्या कॉलेजात एम. सी. स्टॅनबद्दल दोनच मतं आहेत. मुलांच्या हॉस्टेलात विचाराल तर तो देव आहे. स्टाफरूममध्ये विचाराल तर ती एक साथ आहे, दरवर्षी फर्स्ट इयरच्या नव्या बॅचबरोबर येणारी, डेंग्यूसारखी! मी दोन्ही पार्ट्यांना एकच प्रश्न विचारून पाहिला, "त्याचा ‘तडीपार’ हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलाय का?" देव मानणाऱ्यांनी दोन-तीन गाणी सांगितली आणि मग बिग बॉसच्या गोष्टी सुरू केल्या. साथ मानणाऱ्यांनी तर कानावरच हात ठेवले. म्हणजे भक्ती पण न ऐकता आणि बंदी पण न ऐकताच.

एरवी ज्याला जे आवडतं ते त्यानं ऐकावं, आपलं काय जातं? पण यंदाच्या गॅदरिंगच्या नोटिशीत एक ओळ आली आहे : "रॅप व अश्लील गाणी सादर करता येणार नाहीत." अश्लील गाणी नकोत, हे मला शंभर टक्के मान्य आहे. माझं भांडण आहे ते त्या ओळीतल्या ‘व’शी. रॅप आणि अश्लील या दोन शब्दांना एका दाव्याला बांधून टाकलंय कुणी, आणि कशाच्या जोरावर?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (विशेषतः सरांसाठी आणि मॅडमसाठी) आधी थोडी ओळख. एम. सी. स्टॅन म्हणजे अल्ताफ शेख, जन्म १९९९ चा, पुण्याच्या ताडीवाला रोडच्या वस्तीत वाढलेला. लहानपणी कव्वाली गायचा. मग रॅपकडे वळला. बीटही स्वतः बनवायला लागला. २०१९ मध्ये एमिवे बंटायला उद्देशून केलेल्या ‘खुजा मत’ या गाण्यानं त्याचं नाव झालं, भांडणासकट झालं. त्याच वर्षी ‘अस्तगफिरुल्लाह’मध्ये त्यानं स्वतःचीच कहाणी मांडली. २०२० मध्ये ‘तडीपार’ आला, २०२२ मध्ये ‘इन्सान’. आणि १२ फेब्रुवारी २०२३ ला तो ‘बिग बॉस १६’ जिंकला, आपल्या अमरावतीच्या शिव ठाकरेला मागे टाकून. त्यानंतर तो घराघरात पोचला. पण पोचलं काय? गळ्यातली साखळी, महागडे बूट, आणि ‘शेमडी’ हा शब्द. पेपरात त्याच्याबद्दल माझ्या वाचनात जे आलं, त्यात बुटांच्या किमतीवर जास्त आणि गाण्याच्या चालीवर कमी लिहिलेलं होतं. एखाद्या गवयाबद्दल लिहिताना त्याच्या शेरवानीचंच वर्णन करत बसावं, तसं झालं हे.

आता अल्बमचं नावच घ्या. ‘तडीपार’ हा शब्द आपण स्थानिक पेपरात कायम वाचतो. "दोन वर्षांसाठी जिल्ह्यातून तडीपार." महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मध्ये ५५, ५६ आणि ५७ ही कलमं त्यासाठी आहेत आणि मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. या कलमांखाली माणसाला तुरुंगात टाकत नाहीत, फक्त म्हणतात, "इथं राहू नको." घर तिथंच, आई तिथंच, मित्र तिथंच, आणि हा मात्र हद्दीच्या बाहेर. हा शब्द एका विशीतल्या पोरानं आपल्या पहिल्या अल्बमच्या कपाळावर लावला. वस्तीतल्या पोराला शहर आपलं म्हणत नाही, हे सांगायला त्याला इंग्रजी शब्द शोधावा लागला नाही, पोलिसांच्या नोटिशीतला मराठी शब्दच पुरला. मला तर हे नाव वाचूनच वाटलं होतं, की हा पोरगा वाटतो तेवढा येडा नाही.

दुसरा आक्षेप आवाजाचा. "अरे तो गातच नाही, मशीन गाते." हा आक्षेप इंजिनियरिंग कॉलेजात ऐकला की मला नवल वाटतं, कारण ते मशीन आपल्याच जातीच्या माणसानं बनवलंय. ऑटोट्यून १९९७ मध्ये बाजारात आलं. ते तयार करणारे अँडी हिल्डेब्रँड हे सिग्नल प्रोसेसिंगमधले इंजिनियर. आधी तेल कंपनीसाठी काम करायचे. जमिनीत आवाजाच्या लाटा सोडायच्या, खालच्या थरांवर आपटून परत येणाऱ्या लाटांवरून तेल कुठं असेल याचा अंदाज घ्यायचा. त्या कामात ऑटोकोरिलेशन वापरतात, जे आपल्याला सिग्नल्सच्या पेपरला सात मार्कांना येतं आणि आपण ऑप्शनला टाकतो! सिग्नल थोडा उशिरा सरकवून स्वतःशीच गुणून पाहायचा. ज्या अंतरावर तो स्वतःशी जुळतो तो त्याचा पिरियड. २२० हर्ट्झचा सूर असेल तर साधारण साडेचार मिलिसेकंद. सूर कळला की जवळच्या बरोबर सुरावर त्याला ढकलता येतं. ढकलायला थोडा वेळ दिला तर ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही, आणि आजकाल अनेक ‘शुद्ध’ गाण्यांतही हे गुपचूप चालतं. वेळ शून्य ठेवला तर आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर टणकन उडी मारतो. १९९८ मध्ये शेर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’ गाण्यात तो रोबोसारखा आवाज जगानं पहिल्यांदा नीट ऐकला.

आता ‘तडीपार’मध्ये काय होतं ते ऐका. कव्वालीत तयार झालेला गळा सरळ सुरावर उभा राहत नाही, तो घसरत येतो, हलतो, मींड घेतो. असा गळा शून्य वेळेच्या ऑटोट्यूनमधून काढला की त्या घसरगुंडीच्या पायऱ्या होतात. २२० पासून ४४० पर्यंतची एक सलग मींड म्हणजे बारा पायऱ्या. आपल्या भाषेत सांगायचं तर क्वांटायझेशन. पण गळा मूळचा हलता असल्यामुळे त्या पायऱ्यांवरही तो थरथरतो, दोन सुरांच्या मध्ये अडकतो. तिथं जो एक तुटका, रडका, कापरा आवाज निघतो, तोच मला या अल्बमचा खरा प्रयोग वाटतो. सपाट बोलणाऱ्या माणसाला ऑटोट्यून लावलं तर हा आवाज निघणार नाही, कारण मोडायला आधी काहीतरी वळण असावं लागतं. मशीन गात असतं तर आपल्या हॉस्टेलात मोबाईलवर फुकटचे अ‍ॅप टाकून बसलेले पंधरा जण आज स्टॅन झाले असते.

बीटचंही तसंच. या पद्धतीच्या संगीतात जो पोटात घुसणारा ठोका असतो त्याला ‘८०८’ म्हणतात. रोलंड या जपानी कंपनीचं टी. आर. ८०८ हे ड्रम मशीन १९८० मध्ये आलं आणि १९८३ मध्ये बंद पडलं. साधारण बारा हजार नग विकले गेले. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून लोकांनी नावं ठेवली, किंमत पडली, आणि सेकंडहँडमध्ये ते अमेरिकेतल्या गरीब काळ्या पोरांच्या हाती लागलं. त्यांनी त्याच्यावर अख्खी शैली उभी केली. त्या ठोक्याचा जीव पन्नास हर्ट्झच्या आसपास असतो, आणि मोबाईलचा स्पीकर दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुकाच असतो. म्हणजे मेसच्या टेबलावर मोबाईल ठेवून जो ‘तडीपार’ आपण सगळ्यांना जबरदस्तीनं ऐकवतो, त्यातला अर्धा अल्बम वाजतच नाही! उरतो तो फक्त वरचा किरकिरा भाग, आणि तोच ऐकून सर म्हणतात, नुसता गोंगाट आहे. त्यांचं तरी काय चुकलं?

परदेशात तरी अशा गाण्यांचं पहिल्या दिवशी स्वागत झालं असं नाही. २००८ मध्ये कान्ये वेस्टनं ‘८०८ज अँड हार्टब्रेक’ हा अल्बम काढला. आई वारल्यानंतरचा. रॅप जवळजवळ सोडून तो ऑटोट्यूनमधून गायला. तेव्हा लोक गोंधळले, समीक्षक पण दोन बाजूंना झाले. आज त्या पुढच्या दहा-पंधरा वर्षांच्या रॅपचा उगम तिथं सांगतात. पण तिकडं एक गोष्ट झाली. चांगलं किंवा वाईट म्हणणाऱ्यांनी आधी तो ऐकला, मग गाण्यागणिक लिहिलं. आपल्याकडं मराठीत सिनेमाचं परीक्षण येतं, नाटकाचं येतं, अल्बमचं, तेही रॅपच्या, क्वचितच. मग ते काम कोण करतं?

सांगते. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे यानं राजकारण्यांवर, ‘खोक्यां’वर मराठी रॅप केला. गुन्हा दाखल झाला. त्याच सुमारास मुंबईच्या उमेश खाडे याच्यावरही त्याच्या रॅपवरून गुन्हा दाखल झाला. त्याआधी मार्चमध्ये इंदूरला स्टॅनचा कार्यक्रम काही संघटनेच्या लोकांनी स्टेजवर चढून बंद पाडला. म्हणजे आमच्या रॅपचं परीक्षण एक तर पोलीस ठाण्यात होतं, नाही तर स्टेजवर चढून. गंमत म्हणजे मुंगासेचं गाणं आणि स्टॅनचं गाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक सत्तेला प्रश्न विचारतं, दुसरं बरचसं स्वतःबद्दल बोलतं. पण ऐकायचंच नाही म्हटल्यावर फरक कळणार कसा? सगळे एकाच गाडीत भरायचे.

तिसरा आक्षेप भाषेचा, आणि तो तर परभणीत बसून कुणी घेऊच नये. म्हणे, ही काय हिंदी आहे का? ना धड हिंदी ना धड मराठी. अहो, आपण तरी एसटी स्टँडवर कोणती हिंदी बोलतो? ‘नक्को’, ‘कायकू’, ‘मेरेकू’, ‘वैसाच’! तो ‘नक्को’ आपला ‘नको’च आहे आणि ‘वैसाच’मधला ‘च’ मराठीतून गेलेला आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. दखनी आणि मराठी इथं शेकडो वर्षं एका भिंतीला पाठ लावून राहिल्या. फेब्रुवारीत तुराबुल हक साहेबांच्या उरसाला जाऊन नुसतं गर्दीत उभं राहा. कव्वाली, पाळणेवाल्याचा भोंगा आणि खेड्यावरून आलेल्या मावशीची मराठी, तिन्ही एकदम कानात येतात आणि कुणाला काही अडत नाही. स्टॅनची भाषा पुण्याच्या वस्तीतली असली तरी याच घराण्यातली आहे. ‘शेमडी’ म्हणजे आपली ‘शेंबडी’, दुसरं काय! एक मराठी शब्द हिंदी चॅनेलवरून देशभर गेला आणि आपण इथं नाक मुरडत बसलो. २०२३ मध्ये केशमिर या मोठ्या संगीतकाराच्या अल्बममध्ये त्याचं जे गाणं आलं, त्याचं नावही ‘हात वरती’च आहे.

परभणीनं तर मराठीला बोलीचं मोल शिकवलंय. इंद्रजित भालेरावांची कविता, आसाराम लोमट्यांच्या कथा इथल्याच मातीतल्या. लोमटे सरांना २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार ‘आलोक’साठी मिळाला. बोलीभाषा पुस्तकात आली की पुरस्कार आणि माईकवर आली की नोटीस, असं कसं चालेल?

इथं मला एक जुनी गोष्ट आठवते, मराठीच्या मॅडमनी सांगितलेली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. त्यातले शब्द पांढरपेशा वाचकांना कळेनात. प्रस्तावना लिहायला होते विजय तेंडुलकर. त्यांना पण बरेच शब्द कळले नाहीत. त्यांनी काय केलं? ‘अश्लील आहे’ म्हणून परत पाठवलं नाही आणि न कळता ‘वा वा’ पण केलं नाही. ढसाळांकडून शब्दांचे अर्थ विचारून घेतले, त्यांच्याबरोबर त्या वस्तीत फिरले, आणि आपल्याला काय माहीत नव्हतं ते प्रस्तावनेत सरळ लिहिलं. स्टॅन म्हणजे ढसाळ असं माझं म्हणणं अजिबात नाही, उगाच कुणी तलवारी काढू नका. माझं म्हणणं तेंडुलकरांबद्दल आहे. ऐकणाऱ्यानं असं असावं.

आता इथपर्यंत वाचून मुलांच्या हॉस्टेलात शिट्ट्या सुरू झाल्या असतील तर जरा थांबा. तुमच्याशी पण बोलायचंय.

‘तडीपार’ मला आवडतो, पण सगळा नाही. मीच कसा मोठा, माझ्यावर जळणारे कसे छोटे, हे किती वेळा सांगायचं? आवाजातला प्रयोग जेवढा धीट, तेवढे विषय धीट नाहीत. जिथं तो घरचं, गरिबीचं, मित्रांनी दिलेल्या धोक्याचं सांगतो तिथं तो आवाज खरा लागतो. जिथं फुशारकी सुरू होते तिथं तोच आवाज नुसता दागिना होतो. आणि बायकांबद्दल, मुलींबद्दल तो जे बोलतो, ते मी मुलींच्या हॉस्टेलात बसून ऐकते, हे तुम्ही लक्षात घ्या. ती ओळ आली की तुम्ही सगळे मिळून जोरात म्हणता. मग दुसऱ्या दिवशी तोच शब्द लायब्ररीच्या जिन्यात आमच्या पाठीमागून ऐकू येतो. "अरे ते गाण्यातलं आहे", हे उत्तर मला नको आहे.

"मग शिवीच नको का?" असं कुणी विचारेल. तर आपल्या गंगाखेडच्या जनाबाईला विचारा. जनाबाईच्या नावावर असलेल्या अभंगात विठ्ठलाला चक्क शिव्या आहेत. प्रत्यक्ष देवाला! आणि सातशे वर्षं झाली, वारकरी ते गातात, कुणी तिच्यावर बंदी घालत नाही. कारण दळण-कांडण करणारी एक दासी वरच्याला शिवी देते आहे, हक्कानं, प्रेमानं, रागानं. तिची शिवी खालून वर जाते. आपल्यापेक्षा जो खाली आहे, जी गप्प आहे, जी तिथं उत्तर द्यायला नाही, तिच्यावर टाकलेली शिवी वेगळी. मला वाटतं गॅदरिंग कमिटीला अश्लीलतेची व्याख्या करायचीच असेल तर हा एक प्रश्न पुरे आहे : शिवी कुणाला दिली? या मापानं मोजलं तर ‘तडीपार’मधला काही भाग पास होतो आणि काही सपशेल नापास. मोजायला मात्र ऐकावं लागतं. आणि तुम्ही त्याचे खरे चाहते असाल तर नापास भागाला नापास म्हणायची हिंमत तुमच्यात पाहिजे. देवाचं परीक्षण करता येत नाही, कलावंताचं करता येतं. म्हणून त्याला देव करू नका, त्यात त्याचंच नुकसान आहे.

आता त्या ‘व’चा फटका कुणाला बसतो ते सांगून संपवते. स्टॅनला काही फरक पडत नाही, त्याला आपलं गॅदरिंग कुठं आहे हे पण माहीत नाही. फटका बसला सेकंड इयरच्या एका मुलाला. जिंतूर तालुक्यातला आहे, नाव लिहीत नाही. त्यानं स्वतः लिहिलेला रॅप आहे. बाप सोयाबीन घेऊन मोंढ्यात जातो, भाव ऐकतो, आणि माघारी येताना पोराला फोन करून फक्त "जेवलास का?" एवढंच विचारतो. सगळा आपल्या बोलीत, एकही शिवी नाही. ऑडिशनला त्याला विचारलं, "प्रकार कोणता?" तो म्हणाला, "रॅप." त्यांनी कागद वाचला पण नाही. कविता म्हणाला असता तर कदाचित बक्षीस घेऊन आला असता! ज्या पोरानं पुस्तकं सोडून पहिल्यांदा स्वतःच्या बापाबद्दल काही लिहिलं, त्याला आपण काय शिकवलं? तर प्रकाराचं नाव खोटं सांगावं, हे.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत, कमिटीनं रागावू नये. एक, नोटिशीतला ‘रॅप व’ एवढाच मजकूर काढावा, ‘अश्लील गाणी’ खुशाल राहू द्यावीत. दोन, नाटकाची संहिता जशी आधी देतो तसे रॅपचे शब्द आधी लिहून द्यायला सांगावं आणि ऑडिशन घेणाऱ्यांनी ते वाचावेत. न कळलेला शब्द पोराला विचारावा, त्यात कमीपणा नाही. आणि विचारणाऱ्यांत एक तरी मॅडम असाव्यात. तीन, सेमिनार हॉलमध्ये बऱ्यापैकी स्पीकर आहेत, जे वर्षातून दोनदा पाहुण्यांच्या भाषणाला लागतात. एका शनिवारी तिथं ‘तडीपार’ पूर्ण लावावा, मुलं, मुली आणि स्टाफनी एकत्र बसून ऐकावा, आणि मग ज्याला जे म्हणायचंय ते उभं राहून म्हणावं. पुढच्या अंकात त्यावर दोन पानं आम्ही छापू, बाजूची पण आणि विरोधातली पण.

ऐकून झाल्यावर सरांनी "फालतू आहे" म्हटलं तरी चालेल. कुठल्या गाण्यात, कुठल्या ओळीपाशी फालतू झालं तेवढं मात्र सांगावं. ऑडिशन अजून पंधरा दिवस चालू आहेत. जिंतूरच्या त्या मुलाचा कागद माझ्याजवळ आहे, कमिटीतल्या कुणाला वाचायचा असेल तर मी आणून देईन.